हप्त्याची रंगीत तालीम

घर घ्यायचं ठरलं की घरात दोन वह्या सुरू होतात. एक यांची. तिच्यात फ्लॅटची किंमत, कर्ज, व्याजाचा दर आणि हप्ता. दुसरी वही आपल्या डोक्यात असते. खिडक्या किती, पडद्यांचे गज कुठून आणायचे, धुणं वाळत घालायला जागा आहे का, ओट्याखाली ट्रॉल्या लगेच बसवायच्या की दिवाळीनंतर. या दोन वह्यांची गाठ पडते ती एकदम किल्ली हातात आल्यावर, आणि तोवर पहिल्या वहीनं सगळे पैसे खाऊन टाकलेले असतात!

मैत्रिणींनो, पहिलंच घर घेणाऱ्या बायकांची पत्रं हल्ली बरीच येतात आणि बहुतेकींचा प्रश्न एकच असतो. ‘बँक अमुक इतकं कर्ज द्यायला तयार आहे, तर घ्यावं का?’ बँक तयार आहे ही चांगलीच गोष्ट. पण बँक बघते पगाराची स्लिप. जूनमध्ये मुलाचे बूट फाटतात, मार्चमध्ये विम्याचा हप्ता येतो आणि नणंदेच्या मुलीचं लग्न ऐन मे महिन्यात निघतं, हे बँकेच्या कागदावर कुठं असतं? ते आपल्याला ठाऊक. म्हणून हा हिशेब आपणच मांडायचा.

नुसतं ‘जपून खर्च करा’ म्हटल्यानं काही कळत नाही, म्हणून एक नमुन्याचा संसार घेऊ. नवरा खासगी कंपनीत, हातात येतात ४६ हजार. बायको शाळेत तासिकांवर शिकवते, तिचे १२ हजार. मुलगा पाचवीत, सासूबाई जवळ राहतात, भाडं ११ हजार. मनात भरलेला फ्लॅट ३२ लाखांचा. साठवलेले ७ लाख आणि कर्ज २५ लाख. पाहा, बेरीज बरोबर ३२ झाली. आता सगळे खूश.

पण ३२ लाख ही झाली फक्त बिल्डरला द्यायची किंमत. सरकारचं देणं वेगळं. आपल्या राज्यात बहुतेक शहरांतून मुद्रांक शुल्क ६ टक्के पडतं, पुणे, ठाणे, नागपूरकडे ७. तेही करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरची किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर. ६ टक्क्यांनी १ लाख ९२ हजार झाले. नोंदणी शुल्क १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. इमारतीचं काम चालू असेल तर जीएसटी. घर ४५ लाखांपर्यंतचं आणि मर्यादित क्षेत्रफळाचं असलं तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला तो नाही. आपल्या नमुन्यातल्या घराला १ टक्का धरला तरी ३२ हजार. म्हणजे सरकारी खात्यातच अडीच लाखांहून जास्त गेले. आणि १० लाखांच्या आतलं घर सोडलं तर हे मुद्रांक-नोंदणीचे पैसे बँक घराच्या किमतीत धरत नाही, ते आपल्याच खिशातून जायचे.

मग बिल्डरची ‘इतर खर्चां’ची चिठ्ठी येते. वीज मीटर, सोसायटी स्थापन करण्याचा खर्च, वर्षा-दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ, वकिलाची फी. ही चिठ्ठी बुकिंगच्या आधी, लेखी आणि आकड्यांसकट मागायची. ‘ते काय, किरकोळ असतं हो वहिनी,’ असं म्हणणाऱ्या माणसाकडून तर आधी मागायची. सव्वा लाख धरा. बँकेची प्रक्रिया फी, कागदपत्रं तपासणं वगैरेचे २० हजार. झाले ४ लाख. हे सगळं घराच्या उंबऱ्याबाहेरचं. आत आपण अजून पाऊल टाकलेलंच नाही.

आत गेल्यावर काय असतं? भिंती, फरशी, ओटा आणि नळ. बस्स. सॅम्पल फ्लॅटमध्ये पाहिलेले पंखे, दिवे, गीझर, आरसा, पडदे यातलं काही नसतं. पंखा लावायला हूक असतो, पंखा नसतो. खिडकीला काच असते, डासांची जाळी नसते. तळमजला किंवा पहिला मजला असेल तर ग्रिल लावल्याशिवाय सासूबाईंना एकटं ठेवून बाहेर पडता येत नाही. दाराला जाळीचा सेफ्टी डोअर, बाल्कनीत दोऱ्या, न्हाणीघरात कपडे अडकवायला खुंट्या, पाण्याचा फिल्टर, गॅसची जोडणी बदलणं, सामान हलवणारा टेम्पो आणि हमाल. पुन्हा वास्तुशांत. माणसं बोलवायची नाहीत म्हटलं तरी दोन्हीकडची मिळून चाळीस होतातच, आणि माहेरची मंडळी नारळ-साडीशिवाय पाठवता येत नाहीत.

यातलं पहिल्या दिवशी लागणारं आणि नंतर चालणारं असे दोन भाग करा. पंखे, दिवे, जाळ्या, ग्रिल, गीझर, फिल्टर पहिल्या भागात. सोफा, शोकेस, फॉल्स सीलिंग दुसऱ्या भागात. ट्रॉल्यांबद्दल माझं स्वतःचं मत विचाराल तर सहा महिने त्या ओट्यात राहून स्वयंपाक करून मगच करवून घ्याव्यात. डबे कुठे हाताशी येतात, मिक्सर कुठे राहतो, सिलिंडरचा दरवाजा किती उघडतो, हे कॅटलॉग पाहून समजत नाही. तोवर खाली पडदा लावला तर काही बिघडत नाही. आपल्या आयांनी जन्मभर तसाच स्वयंपाक केला. तरी हा पहिला भागच सव्वा लाखाच्या खाली बसणं कठीण.

आता बेरीज करा. ७ लाख घराला, ४ लाख कागदांना, सव्वा लाख आतल्या सामानाला. सव्वाबारा लाख. नमुन्याच्या संसाराकडे तर ७ होते! इथे दोन गोष्टी घडतात. एक तर वैयक्तिक कर्ज काढलं जातं, ज्याचं व्याज गृहकर्जापेक्षा बरंच जास्त. नाहीतर नजर जाते कपाटातल्या डब्याकडे, आपल्या सोन्याकडे. सोनं मोडू नये असं माझं म्हणणं नाही. घरासाठी मोडलं तर ते कारणी लागलं. पण ते शेवटच्या घटकेला, घाईघाईनं, ‘आता एवढे दोन लाख कमी पडताहेत’ म्हणून मोडलं जाऊ नये. आणि मोडलंच तर घराच्या कागदावर आपलं नाव असावं. या नावाकडे मी पुढे येतेच.

आता महिन्याचा हिशेब. २५ लाख, २० वर्षं, उदाहरणापुरता व्याजाचा दर साडेआठ टक्के धरू. हप्ता येतो २१,६९६ रुपये. पहिल्या हप्त्यातले १७,७०८ रुपये नुसतं व्याज, मुद्दल फिटतं ३,९८८. हे वाचून दचकू नका, सुरुवातीला असंच असतं. पण पहिली दोन-तीन वर्षं हप्ते भरूनही कर्ज फारसं हलत कसं नाही, याचं उत्तर त्यात आहे.

भाडं ११ वरून हप्ता २२ हजार, म्हणजे ११ हजारांचा फरक, असं सगळे धरतात. तसं नसतं. भाड्याच्या घरात घरपट्टी मालक भरतो, टाकी गळली तर त्याला फोन करता येतो. स्वतःच्या घरात सोसायटीचा मेंटेनन्स अडीच हजार, घरपट्टी महिन्याला विभागली तर ६०० आणि बारीकसारीक दुरुस्तीला ७०० बाजूला. शिवाय आपल्या ऐपतीतली नवी घरं गावाबाहेर असतात. मंडई लांब, शाळेची व्हॅन महाग, यांचा पेट्रोलचा खर्च वाढतो. त्याचे दीड हजार. एकूण २७ हजार झाले. म्हणजे फरक ११ हजारांचा नाही, १६ हजारांचा आहे. ५८ हजारांतून आज ४७ हजार घरखर्चाला राहतात, उद्या ३१ हजार राहतील.

आणि आणखी एक. माझ्यासारख्या तासिकांवर शिकवणाऱ्या बायकांना मे महिन्यात तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. दिवाळीच्या सुट्टीतही तेच. बँकेचा हप्ता मात्र उन्हाळ्याची सुट्टी घेत नाही. त्या महिन्यात ३१ चे होतात १९ हजार, आणि वर्षाचे गहू, तूरडाळ, तिखट-हळद भरायची वेळ नेमकी तीच. म्हणून शिकवण्यांचे, शिवणाचे, डब्यांचे, जे काही आपले अनियमित पैसे असतील ते हप्त्याच्या हिशेबात धरू नयेत. त्यातून घरपट्टी भरावी, दुरुस्ती करावी, कर्ज लवकर फेडायला वापरावेत. पण हप्ता उभा राहावा तो एका नियमित पगारावर.

हे सगळं कागदावर पटतं आणि तरीही ‘होईल हो, भागवू कसंतरी’ असं वाटत राहतं. म्हणून मी सुचवते ती रंगीत तालीम. नाटक बसवताना पडदा उघडण्याआधी जशी करतात तशी. घर बुक करण्याआधी सहा महिने आपण हप्ता भरतो आहोत असं समजून राहायचं. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी फरकाचे १६ हजार सहा महिन्यांच्या रिकरिंगमध्ये किंवा ज्याचं एटीएम कार्ड कपाटात कुलपात आहे अशा खात्यात टाकायचे. उरलेल्यात महिना काढायचा. त्या पैशाला हात लावावा लागला तर लावायचा, पण तारीख आणि कारण वहीत लिहायचं. लपवायचं नाही, रागवायचंही नाही. तालमीत चुकलं तर चालतं, तालीम असते कशासाठी?

महिने मात्र सोपे निवडू नका. जानेवारी-फेब्रुवारीत कुणीही काटकसर करून दाखवील. तालमीत एप्रिल-मेचं धान्य आणि जूनची शाळा आली पाहिजे, नाहीतर ऑक्टोबरपासून सुरू करून दिवाळी आणि मार्च दोन्ही धरले पाहिजेत. आणि फक्त बाईनं काटकसर करायची, असं नाही. भाजीत काटछाट करून महिन्याला पाचशे वाचतात. बाहेरचा चहा-नाश्ता, मोबाईलची नवी खरेदी, मित्रमंडळींतल्या सहली यांत त्याहून किती तरी जास्त. वही दोघांची एकच असू द्या.

सहा महिन्यांनी वही उघडून पाहा. सगळे महिने निभावले असतील तर निश्चिंत मनानं बुकिंग करा, शिवाय ९६ हजार आणि वर थोडं व्याज हातात आलेलं असेल. पंखे, ग्रिल, जाळ्यांची बरीच सोय तिथेच झाली. पण दर महिन्याला ३-४ हजार काढावे लागले असतील, तर हे एक गणित लक्षात ठेवा. साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी, दर लाखाला हप्ता ८६८ रुपये पडतो. महिन्याला ४ हजार कमी पडतात याचा अर्थ कर्ज साधारण साडेचार लाखांनी जास्त आहे. मग तेवढं लहान घर बघायचं किंवा वर्षभर थांबून तेवढे आणखी साठवायचे. मुदत २५ वर्षांची करून घ्या असं बँकेतले साहेब सुचवतात. हप्ता २०,१३१ होतो खरा, दीड हजारच कमी. पण एकूण भरणा ५२ लाखांवरून ६० लाखांवर जातो. दीड हजारांसाठी आठ लाख!

आणखी थोडी जागा राखून ठेवायची ती व्याज वाढण्यासाठी. बहुतेक गृहकर्जं तरत्या दराची असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला, आणि अनेक घरांत हप्ता तेवढाच राहिला पण कर्जाची वर्षं गुपचूप वाढली. २०२५ साली तो दर पुन्हा उतरत गेला. म्हणजे हे असं वर-खाली होतच राहणार. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. तेव्हा बँकेचं पत्र किंवा मेसेज आला की तो वाचा. आपल्या उदाहरणात दर एका टक्क्यानं वाढला तर हप्ता सुमारे १,६०० रुपयांनी वाढतो. तालीम करताना हे १,६०० ही धरले तर उत्तम. उलट बाजूनं, वर्षातून एक हप्ता जादा भरला तर २० वर्षांचं कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी संपतं, आणि व्यक्तीनं घेतलेल्या तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही. मे महिन्यात न मिळणाऱ्या पगाराची भरपाई दिवाळीच्या बोनसनं अशी करता येते.

इमारत अजून उभी राहत असेल तर दुहेरी ओझ्याचा विचार आधी करा. समजा बँकेनं १५ लाख बिल्डरला दिले आहेत. त्यावर महिन्याला १०,६२५ रुपये व्याज, आणि आपण अजून भाड्याच्या घरात, म्हणून ११ हजार भाडं. दोन्ही मिळून पुऱ्या हप्त्याएवढे पैसे गेले आणि मुद्दल एक पैसाही फिटलं नाही. ताबा सहा महिने लांबला तर किती, हे वहीत आधीच लिहून ठेवा. प्रकल्पाचा महारेराचा नोंदणी क्रमांक घेऊन त्यात ताब्याची तारीख काय लिहिली आहे ती संकेतस्थळावर पाहा, विक्रेत्याच्या तोंडच्या तारखेवर जाऊ नका. नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, हेही माहीत असू द्या. जुना फ्लॅट घेत असाल तर हे ओझं नाही, जीएसटीही नाही. फक्त आधीच्या मालकाची सोसायटीची, विजेची, घरपट्टीची बाकी नाही ना हे लेखी घ्या. आणि महानगरपालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतर शुल्क २५ हजारांपेक्षा जास्त लावता येत नाही.

आता नावाचं. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात राहतं घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्याच नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. पूर्वी अशी अट होती की असं घर १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती २०२३ साली निघाली. आपल्या ३२ लाखांच्या घरावर ही सवलत ३२ हजारांची होते. म्हणजे जवळजवळ सगळ्या ग्रिल आणि जाळ्या! कर्जात नवरा सहकर्जदार राहू शकतो, घर बायकोच्या एकटीच्या नावावर असलं तरी. एक बाजू मात्र पाहायला हवी. ते जुन्या करपद्धतीत असतील आणि गृहकर्जाच्या व्याजाची वजावट घेणार असतील, तर त्यासाठी मालकीत नाव लागतं. नव्या करपद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाला ती वजावट मुळातच नाही. कुठल्या पद्धतीत विवरणपत्र भरता ते विचारून, दोन्ही आकडे शेजारी लिहून मग ठरवा.

हा विषय काढणं बायकांना जड जातं, मला माहीत आहे. माझ्या शेजारच्या घरात तो निघाला तेव्हा तिचे यजमान म्हणाले, ‘अगं, नाव कुणाचंही असलं तरी घर आपलंच ना?’ ती म्हणाली, ‘तेच म्हणते मी. मग माझं असलं तर काय हरकत आहे?’ सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘माझं कुठं नव्हतं. यांच्या मागं सात वर्षं कचेरीत फेऱ्या मारल्या.’ पुढे काही बोलायची वेळ आली नाही. एकटीचं नको असेल तर दोघांचं करा, १ टक्का गेला तर जाऊ द्या, पण नाव हवं. ज्या घराच्या हप्त्यासाठी आपण सहा महिने तालीम केली, ज्यात आपलं सोनं गेलं, त्याच्या कागदावर आपण कुठेच नाही हे काही मला रुचत नाही.

कर्जाबरोबर विमा घ्या असा आग्रह होतो. कर्ता माणूस अचानक गेला तर हप्ता कोण भरणार, म्हणून विमा हवाच. पण तो त्याच बँकेच्या सांगण्यातल्या कंपनीचा, एकरकमी आणि कर्जातच मिळवून घ्यायला पाहिजे असं बंधन नाही. एकरकमी हप्ता कर्जात मिळवला की त्यावरही २० वर्षं व्याज चालतं. कर्जाएवढ्या रकमेचा वेगळा टर्म विमा काय पडतो ते विचारून पाहा. आणि सगळं भरून झाल्यावरही तीन-चार महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च एवढी रक्कम मुदत ठेवीत शिल्लक राहिली पाहिजे. ती राहत नसेल तर घर अजून थोडं महाग आहे.

ताबा मिळाल्यावर पहिल्या महिन्यातच उरकायची दोन कामं राहतात. वीजबिल आणि घरपट्टी आपल्या नावावर करून घेण्याचे अर्ज. नोंदणीच्या वेळी मिळालेल्या इंडेक्स टूच्या चार प्रती काढून ठेवा, दोन्हीकडे लागतात. मूळ कागद बँकेत जमा असतात, त्यांची बँकेनं दिलेली यादी सही-शिक्क्यासह जपून ठेवा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत ते सगळे कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि त्या दिवशी हीच यादी घेऊन एकेक कागद मोजून घ्यायचा असतो.